घ आणि ध

हजेरीपटावर तो लवेश भिकाजी मेथर,
वर्गात लवू,
आणि तालुक्याला जाणाऱ्या तक्त्यात
सहाव्या रकान्यातली एक खूण.
रकान्याचं नाव इथे लिहीत नाही.
पहिल्या वर्षी ती खूण मीच केली होती,
लाल पेनाने, न अडखळता.

चौथीत होता. 'माझे घर', पाच ओळी.
त्याने लिहिलं :
माझे धर. धरात आई. धरात बाबा नाय.
मी म्हटलं, घर दहा वेळा लिही.
त्याने लिहिलं दहा वेळा,
रापण ओढताना ओरडतात तसं
पानभर खाली खाली जात,
धर धर धर धर

मी वहीवर पट्टी आपटली.
वहीवर, असं स्वतःला अजून बजावते.
बोटं वहीवरच होती.

"बाई, ती हलतत," एकदा इतकंच म्हणाला.
खिडकीबाहेर निवतीचं बंदर होतं.
मला वाटलं, होड्यांबद्दल बोलतोय.

मुख्याध्यापक म्हणाले, सोडा हो,
पोरगं समुद्र वाचतं, त्याला पुस्तक कशाला.
फार गोड वाक्य.
चहासोबत आम्ही सगळ्यांनी गिळलं.
मीही. महिनाभर.
मग सुलक्षणा आली, त्याची आई,
टोपली पायरीवर ठेवून, हात पदराला पुसत :
"ह्येचो बापूस वाची होतो समुद्र.
अजून परत येवंक नाय.
तुम्ही ह्येका कागद वाचूक शिकवा."

मी घाटावरची, माणदेशातली.
तारली आणि पेडवा मला एकच दिसायचे,
चंदेरी, वीतभर, डोळे उघडे.
वर्षभर पेडवे तारलीच्या भावाने घेतले.
लवू हसला नाही.
माझं बोट धरून त्याने माशाच्या पोटावरून फिरवलं :
"डोळ्यांनी नको. हातान बघा."
एकाचं पोट गोल,
दुसऱ्याच्या पोटाला करवतीची धार.
बोट मागे घेतलं तेव्हा त्यावर
दोन खवले, एक थेंब रक्त,
आणि डी.एड.ची सगळी टिपणं भिजलेली.

मग परातीत ओली वाळू घेतली.
पुठ्ठ्यावर डिंकाने सुंभ चिकटवला.
हा घ, हात लाव,
छप्पर या टोकापासून त्या टोकापर्यंत.
हा ध, इथे छप्पर तुटलंय, कोपऱ्यात गाठ.
"वादळात आमचा उडाला तसा," तो म्हणाला.
तसंच.
जुन्या लग्नपत्रिकेत एक खिडकी कापली,
एका वेळी एकच ओळ आत येऊ देणारी.
बाकीच्यांनी बाहेर थांबायचं.

सोमवारी आलेला ख
गुरुवारी पुन्हा र आणि व झाला.
तो पेन्सिलीची टोकं मोडायचा.
मी खुर्ची सरकवून बाहेर जायची,
सुरंगीखाली शंभर मोजायची, परत यायची.
विशेष शिक्षक महिन्यातून एकदा,
एस.टी. चुकली नाही तर.
परीक्षेत प्रश्न मी वाचून दाखवले.
मेघाली म्हणाली, त्यालाच का?
मी विचारलं, तुझा चष्मा सगळ्यांना वाटू का?
ती गप्प बसली. पटलं होतं की नाही, माहीत नाही.

तक्त्यात रकाना अजून आहे.
यंदा मी खूण केली, आणि शेजारी
जागा नव्हती तिथे, समासात,
बारीक अक्षरात बरंच काही लिहिलं.
कोण वाचणार आहे.

मागच्या शनिवारी लिलावाच्या ओट्यावर
व्यापाऱ्याने सुलक्षणेच्या हातात चिठ्ठी कोंबली.
लवूने खिशातून खिडकी काढली,
चुरगळलेली, कडेला अजून अर्धा गणपती,
आणि कागदावर ठेवली.
बां. ग. डा.
बर्फाचं पाणी पायाखालून चाललेलं.
मागे टेम्पोचा हॉर्न.
आकडा मला समोरून, उलटा, दिसत होता.
ओठांपर्यंत आला होता.
मी मनात मोजायला लागले, सुरंगीशिवाय.
"चल गे, उशीर जाता," कुणीतरी ओरडलं.
"वाईच थांबा,"
सुलक्षणाने टोपली खाली ठेवली,
"झील वाचता माझो."