खालची ओळ

मला गाण्याची चाल येत नाही.
खरंच सांगते. एकतीस वर्षं गायले
शाहूपुरीतल्या चर्चमध्ये, उजव्या बाकावर, खांबाच्या आड,
आणि एकाही गीताची चाल धड येत नाही.
चाल सुगंधाची होती.
मी अल्टो.

शांतवनमास्तरांनी आवाज तपासले तेव्हा
अठरा पोरी रांगेत उभ्या.
माझ्यापाशी आले, पेटीची एक पट्टी दाबली,
म्हणाले, "तू खाली."
घरी येऊन रडले.
आई भाकरी थापत होती, मान वर न करता म्हणाली,
"खालची बाजू असतीच की गं भाकरीला.
तीच आधी तव्याला लागती."

वही अजून आहे. निळ्या शाईतलं
सो सो सो फा, सो सो मी मी.
बघा, जवळपास हलतच नाही.
सुगंधाची ओळ जोतिबाचा डोंगर चढून उतरून यायची,
माझी आपली रंकाळ्याच्या कट्ट्यावर
पाय सोडून बसलेली.

टेनर एलियाजर.
उद्यमनगरात लेथवर होता,
तालमीला यायचा ते केसांत लोखंडाचा कीस घेऊन.
बेस मनोहर हिवाळे, दूध संघात रात्रपाळी.
त्याचा सूर लागला की कानाला नंतर कळायचं,
आधी बाकाचं लाकूड
मांडीखाली गुणगुणायला लागायचं.

आवडतं गाणं कुठलं म्हणून कुणी विचारलं
तर मी नंबर सांगते. एकशे बारा.
त्यातही अख्खं नाही.
तिसरं कडवं, शेवटून दुसरी ओळ, 'विसावा' हा शब्द.
त्याच्या आधी चौघं चार वाटांनी भरकटलेलो असायचो,
मला तर दर वेळी वाटायचं, आज चुकलं,
आणि मग 'सा'वर
सुगंधा थांबायची, मनोहर उतरायचा,
एलियाजर अर्ध्या सुरानं सरकायचा
आणि मी काही न करता
एकदम बरोबर ठरायचे.

तेव्हा वर, कौलांच्या जवळ,
पाचवं कुणीतरी गायचं.
सुगंधा म्हणायची, देवदूत.
मास्तर म्हणायचे, हवेचा हिशेब आहे, पुढं चला.
एलियाजर म्हणायचा,
शेजारशेजारच्या दोन मशिनी जुळल्या
की तिसरी ऐकू येते, तिला मालक नसतो.

मास्तर गेले. मनोहर गेला, जानेवारीत,
त्याच्या मातीला सगळे एकाच सुरात गायले.
मला खालची ओळ धरवेना,
धरली असती तर लोकांना वाटलं असतं
बाई बेसूर झाली.

परवा एलियाजरकडं गेले.
लेथनं कान खाल्लेत त्याचे.
सून म्हणाली, ओरडून बोला, तरी कळायचं नाही.
मी ओरडले नाही.
त्याचा हात उचलला, माझ्या पाठीवर ठेवला,
खांद्याच्या खाली, जिथं श्वास भरतो,
आणि एकशे बारा धरलं.

दोन ओळी तो नुसता बसून होता.
मग ओठ हलले.
ऐकू येत नसलेला माणूस
माझ्या बरगड्यांवरनं सूर चाचपत
आपली ओळ गायला लागला,
थोडी फाटकी, पण तीच,
अर्धा सूर सरकणारी.
वर सुगंधा नाही, खाली मनोहर नाही,
मधलं तेवढं दोघांकडं.
बिनभिंतीचा, बिनछपराचा
नुसता माळा.

'विसावा'ला थांबलो.
कौलं नव्हती, स्लॅब आहे त्यांच्याकडं.
पंखा फिरत होता.

सून चहा घेऊन दारात उभी.
"कुठलं ओ हे गाणं?
ऐकल्यागत वाटतंय, पण चाल काही लागंना."

म्हटलं, चाल पुण्याला असते.
लेकाकडं.