पोच

नागपूर स्टेशनच्या आरएमएसमध्ये बाबा रात्रभर
पत्रं खणांत टाकायचे –
इटारसी, गोंदिया, बल्लारशा.
आत काय लिहिलंय ते नाही,
पत्ता तेवढा वाचायचा.

मी मिहानमध्ये राउटर सांभाळते.
म्हटलं, आमचंही तेच, बाबा,
फक्त आम्ही पत्र आधी फाडतो,
तुकड्यांवर नंबर घालतो,
ज्याला जी वाट मोकळी त्यानं तिनं जावं,
पोचल्यावर पुन्हा जुळावं.

"अन् एखादा तुकडा हरपला तं?"

पोच येईस्तोवर थांबतो.
नाही आली तर तोच पुन्हा धाडतो.

कूलरचा पंप घरघरत राहिला.
बाबांनी चष्मा काढून बनियनला पुसला.

"चांद्याला एक पत्र धाडलं होतं," म्हणाले,
"तुझी माय यायच्या आधी.
बल्लारशाच्या खणात, माझ्याच हातानं.

एकदाच."