मनगट

मिलचा दुपारचा भोंगा झाला की
गोळीबार चौकातून डबा घेऊन धावायचा
तो तुळशीराम सोनकुसरे.
पुढे मुंबईनं त्याला दोन्ही बाजूंनी कातरलं,
पोस्टरवर मावेल एवढाच ठेवला :
तुषार सोनी.

बापाचा डबा देऊन झाला तरी
तो वाइंडिंग खात्याच्या दाराशी रेंगाळायचा
माझ्या बाबांकडे बघत.
बाबांच्या पापण्यांवर कापूस बसायचा.
बोलण्याआधी ते डाव्या मनगटाची पालथी बाजू
डोळ्यांवरून फिरवायचे,
एकदा, सावकाश,
आणि मगच काय ते बोलायचे.
बहुधा शिवीच.

तिसऱ्या सिनेमात, गोदामातल्या मारामारीआधी,
तुषार सोनीनं मनगट डोळ्यांवरून फिरवलं.
एकदा. सावकाश.
बर्डीवरच्या टॉकीजमध्ये पडद्यावर चिल्लर उडाली.
आई माझ्या कानाशी म्हणाली,
"अवं, हे तं आपल्या घरचं होय!"
शेजारणीच्या ओट्यावर आपलं पातेलं दिसावं
तशी.

मग सगळा देश डोळे पुसू लागला.
वरातीतली पोरं, सलूनच्या आरशापुढचे,
ज्यांच्या डोळ्यांत जन्मात कधी कापूस गेला नव्हता ते.
एकदा पानठेल्यावर बाबांचा हात वर गेला
तर एक पोरगं हसलं,
"पाय बे, म्हातारा तुषार सोनी करून राहिला."
बाबांनी सुपारी तोंडात टाकली.
त्या दिवशी शिवीसुद्धा नाही.

मिल बंद पडली त्या वर्षी
त्याचे सात सिनेमे आले, सहा चालले.
नंतर त्यानं स्वतःचा काढला, त्यात बंगला गेला.
मग तो नायिकेचा मोठा भाऊ झाला,
मग बाप, मग कमिशनर,
मग दुपारच्या मालिकांच्या मधोमध
गुडघ्याला तेल चोळणारा एक हसरा माणूस.

कूलरसमोर खाटेवर पडून बाबा जुने सिनेमे बघत.
"उजवा वापरते थो. चुकते."
"त्यानं काय फरक पडतो, बाबा?"
"माह्या उजव्यात तुटलेलं सूत राहे, म्हणून डावा.
त्याच्या उजव्यात काय राहते?"
"काहीच नाही. मोकळाच असतो."
"मंग?"
असं म्हणून ते कुशीवर वळले.

परवा तो धरमपेठेत आला होता,
साड्यांच्या दुकानाचं उद्घाटन.
मे महिना, सेहेचाळीस अंश,
मांडवाच्या कडेला डोक्यावर पदर घेऊन मी.
त्याच्या उजव्या हातात कात्री दिली,
समोर लाल फीत.
आणि घाम असेल, धूळ असेल,
टोपाच्या कडेचा डिंक असेल,
काहीतरी डोळ्यात उतरलं
आणि त्याचं डावं मनगट वर गेलं.
सावकाश वगैरे नाही,
बेताल, घाईघाईनं, माणूस पुसतो तसं.
शिट्ट्या पडल्या.
तो दचकून गर्दीकडे बघत राहिला,
काय झालं म्हणून.

घरी येऊन हे बाबांच्या फोटोला सांगावं म्हटलं.
पण फोटो मिलच्या ओळखपत्रावरून मोठा केलेला,
खांद्यापाशीच संपतो,
हात नाहीतच त्यात.
स्टुडिओवाला म्हणाला होता,
"ताई, पापणीवर पांढरा डाग आहे, काढून टाकू?"
मी म्हटलं होतं,
राहू द्या.