मजेंटा, दोन मिलिमीटर डावीकडे

असाइनमेंटचा विषय एकाच शब्दाचा: रेट्रो.
वर्गात सगळ्यांनी लगेच ताडाची झाडं काढली,
गुलाबी सूर्य, त्यावर आडव्या पट्ट्या,
चेंदणी कोळीवाड्यावर कधीच न उगवलेला.
मीही काढला. खोटं कशाला बोलू.

माझ्या लॅपटॉपात एक बटण आहे.
दाबलं की चित्र जुनं होतं:
मजेंटा दोन मिलिमीटर डावीकडे सरकतो,
कागदाला घडी पडते,
चहासुद्धा सांडून मिळतो, हवा तिथे.
मी एकोणीस वर्षांची,
आणि मला माझ्या जन्माआधीची आठवण
उद्या दहाच्या आत जमा करायची होती.

आईने माळ्यावरून बिस्किटांचा डबा काढला.
आत कॅसेटी, टेप बाहेर लोंबणारी,
शिंगाळ्याच्या मिशांसारखी.
एकीच्या कव्हरवर होडी, होडीत नवरा-नवरी,
आणि नवरीचे ओठ नवरीच्या ओठांवर नाहीत,
जरा बाजूला, हवेत,
काही सांगायला निघून गेल्यासारखे.
"किती भारी!" मी ओरडले.
"भारी काय," आई म्हणाली, "छपाई बिघडलेय."

आतल्या घडीत मुंगीएवढं: आरेकर, वागळे इस्टेट.
प्रेसच्या जागी आता जिम.
पण चहावाल्याला माणूस ठाऊक होता:
किसननगर, तिसरा मजला, दारात कोरफड.

आरेकरकाकांनी कव्हर हातात घेतलं,
चष्मा कपाळावर चढवला
आणि नवरीचे ओठ नखाने
जागेवर ढकलू लागले.
चाळीस वर्षांनी.

"मशीनचा ग्रीपर ढिला होता.
मी म्हटलं, थांबवा.
मालक म्हणाला, लग्नसराई आहे, जाऊ दे.
तीन हजार कव्हरं अशीच गेली,
आणि माझ्या पगारातले साठ रुपये."

मी बॅग उघडलीच नाही.
आत लॅपटॉप होता,
एका क्लिकला साठ रुपये कापणारा.

मग त्यांनी आपली अक्षरं दाखवली,
ब्रशने काढलेली, ब्लेडने कापलेली.
'कोळी'तला ळ:
जाळ्याची गाठ मारून सोडून दिलेली.
माझ्या फाँटांतला ळ
नेहमी शेवटच्या दिवशी उरकल्यासारखा.
"ळ काढताना श्वास रोखायचा," ते म्हणाले,
"आणि रेष वळली की सोडायचा. एवढंच."

"कोरसला कोण होतं?"
"तुमच्या चेंदणीच्याच बायका.
नावांची चिठ्ठी आली होती. जागा पुरेना.
मीच काढली नावं."
आणि खिडकी लावायला उठले,
वारा नसताना.

आमची गुणवंती आत्या
हळदीत नेहमी दुसरी ओळ धरते, पहिली कधीच नाही.
"त्या क्यासेटीन मी हाय," म्हणायची.
आम्ही हसायचो.

रात्री ताडाची झाडं पुसली.
ओठ जागेवर आणले.
तळाशी पाच नावं, आत्याने फोनवर सांगितलेली,
आणि आरेकरांचा ळ, श्वास रोखून.
सर म्हणाले, स्वच्छ आहे, छान आहे,
पण यात रेट्रो कुठाय?

एक प्रत नौपाड्यात छापून आत्याला दिली.
तिने बोटाने नाव शोधलं,
सातवी पास बोट, सावकाश फिरणारं.
"शेवटची वेलांटी दुसरी ना गो?"
मी पाहिलं. पहिली पडली होती.
चार वेळा तपासून.
"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "वाजंल काय पन ही?"

टेप अजून बाहेरच लोंबत होती.
अख्ख्या घरात पेन्सिल एकच निघाली,
माझी, कॉलेजची, सहा-बी, टोक झिजलेली.
मी दात्यांत बसवायला गेले तर सटकली.
"दे इकरं," आत्या म्हणाली,
आणि फिरवत बसली,
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
पहिलीच ओळ असावी.