टावेलच्या मानेवर

टावेल म्हणजे आमचा कुत्रा.
कारखान्यात, बाद मालाच्या गठ्ठ्यावर जन्मला,
म्हणून हे नाव.

वैशाखात त्याच्या कानाआड गोचिडी धरल्या,
एरंडीच्या बियांसारख्या टम्म.
हिरड्या पांढऱ्या, लघवी चहासारखी.
चिलवेरी डॉक्टर म्हणाले, चार दिवस उशीर झाला असता तर...
आणि पुढचं बोलले नाहीत.

इंजेक्शनं झाली. मग एक नळी दिली, पेनाच्या टोपणाएवढी.
दर महिन्याला एक. किंमत
अम्माच्या दोन हजार विड्या.
दोन खांद्यांच्या मध्ये केस बाजूला करून,
जिथे त्याची जीभ पोचत नाही तिथे,
कातडीवर सोडायची.
"तंबाखूच्याच वळणाचं आहे हे," डॉक्टर म्हणाले,
"कारखान्यात जन्मलेलं चुलत भावंड."

अम्मा हसली. सूप मांडीवर, कात्री पानावर.
"मग पैसे कशाला मोजले? भुकटी उकळून दिली असती."
पूर्वी ती तसंच करायची.
एक पिल्लू त्या पाण्यानं थरथरत गेलं होतं,
विडी घरकुलात आलो त्या वर्षी.
ते ती सांगत नाही.

टावेल उठला. भाकरी मागू लागला.
रविवारी स्कूटीवर पुढे उभा राहून कंबर तलावाला आला
आणि मी पट्टा धरायच्या आत पाण्यात.
चव्वेचाळीस डिग्री. कोण अडवणार?
खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत होतं,
दोन दिवस पाण्यात सोडू नये.
ते मी घरी येऊन वाचलं.
काठाशी पाणनिवळ्या होत्या, की नव्हत्या,
आता आठवू गेले तर
दोन्ही खरं वाटतं.

दाराच्या तारेवर शिंजीराचं घरटं होतं.
कोळ्याचं जाळं, चादरीचा लाल दोरा,
आणि आत, अगदी आत, टावेलचे पांढरे केस.
मीच विंचरून अंगणात टाकायचे, कौतुकानं.
दोन अंडी. मादी बसून राहिली,
बसून राहिली,
मग एक दिवस आली नाही.

ऊन असेल. मांजर असेल.
डॉक्टरांना विचारलं तर चष्मा पुसत म्हणाले,
सांगता येत नाही, पण केस असे उघड्यावर टाकू नका.
घरटं उतरवून मी नाकाशी धरलं.
काही वास नाही.
अम्माच्या बोटांना चाळीस वर्षांचा वास आहे,
साबणानं जात नाही,
निदान कळतं तरी काय हाताळलं ते.

आता मी रोज रात्री बोटांनी शोधते,
कान, काखा, पंज्यांच्या फटी.
सापडली की साबणाच्या पाण्यात.
काल अकरा. आज तीन.
दुसरी नळी फडताळात आहे,
कॅलेंडरवर सतरा तारखेला गोल.
त्या हिरड्या आठवल्या की हात फडताळाकडे जातो.

विंचरलेले केस वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेत.
पुरू तर माती. जाळू तर धूर.
घंटागाडीत टाकू तर ती कुठे जाते मला ठाऊक आहे.

टावेल उन्हात पसरलाय, पाठ तारेकडे.
तारेवर कुणीतरी येऊन बसलंय,
रिकामी चोच,
मान तिरपी करून
त्याच्याकडे बघतंय.