सांबऱ्याहून, पॉइंटांवर

भरमाण्णाचा बोअरचा पंप माझ्या कार्डावर.
यल्लूबाईंचा फ्रीज माझ्या कार्डावर.
अनगोळच्या चुलतभावाच्या लग्नाच्या साड्या,
शहापुरात दुकानदार कार्डाला दोन टक्के जास्त मागत होता,
कन्नडात गोड बोलून सोडवून घेतले,
त्याही.

लोक रोख आणून देतात. मी डब्यात ठेवते,
बारा तारखेला बँकेत भरते.
एकदाच तेरा झाली होती.
ते व्याज अजून कॅलेंडरच्या मागं लिहिलंय,
रोज दिसावं म्हणून.

दोन वर्षं आणि चार महिने.
मंगळवारचं विमान, हातातली एकच बॅग,
तिकिटावर भाडं शून्य, कर सहाशे बारा.
तो शून्य मी रिक्षात दोनदा वाचला.
खिडकीला वेगळे पैसे होते; घेतली नाही.
मधल्या खुर्चीतून, परक्या माणसाच्या खांद्यावरून
ऊस दिसला, लाल माती,
मार्कंडेयची रेघ,
मग ढगच.

परत आल्यावर भरमाण्णानं पंप बंद करून विचारलं,
‘विमानाला किती पडलं गे?’
‘तुझ्या पंपाएवढं,’ म्हटलं.
‘एवढं?’ म्हणून बिचारा हळहळला,
आणि वाटेला लावताना
हातात वांगी दिली चार.