खोटा नकार

रविवार, सकाळी आठ. सोहारमध्ये आठवडा सुरू होतो.
तिसऱ्या सेमिस्टरची एकोणीस पोरं,
एसीच्या गारठ्यात बाह्या बोटांवर ओढून बसलेली.
मी यंत्राच्या दोन चुका सांगत होते:
भलत्याला आत घेणं,
आणि आपल्याच माणसाला दाराबाहेर ठेवणं.

दुसरीचं उदाहरण प्रोजेक्टरची वायर धरून उभं होतं.
गनी परकार, लॅब अटेंडंट, मूळचे दाभोळचे.
बावीस वर्षं फरश्या बसवल्या,
बोटांच्या रेषा सिमेंटने खाल्ल्या.
हजेरीचं यंत्र रोज त्यांनाच अंगठा दाखवतं:
तीनदा ‘पुन्हा प्रयत्न करा’,
चौथ्यांदा गैरहजर.

मी म्हटलं, या गनीभाई, ठेवा काचेवर.
पडद्यावर सहा फुटी उमटलं
ओहोटीनंतरचं पुळण,
कुठे अर्धं वळण, कुठे तेही नाही.
कुणी हसलं नाही. वह्यांत आकडे उतरले.
तास चांगला चालला होता.

मागच्या बाकावरून शुरूक अल-बलुशी,
बहिणीच्या लग्नाची मेंदी अजून तळव्यावर काळीभोर:
“मिस, तुम्ही त्यांना विचारलं होतं?”

मागच्या आठवड्यात मीच तर बजावलं होतं,
पासवर्ड फुटला तर बदलता येतो,
अंगठा दुसरा कुठून आणाल?
‘संमती’खाली लाल मार्करने दोन रेघा.

मराठीत वळले. गनीभाई, चालेल ना?
एवढा उशिरा विचारलेला प्रश्न
फारसा प्रश्न उरत नाही.

“बाय, माजी आय अंगठा लावायची.
पोराला सही यावी म्हणून चौथीपर्यंत धाडला मला.
आता सही येते,
तर ह्यांना अंगठा हवा.”
आणि बाहीने काच पुसली त्यांनी,
सवयीने.

फाइल मी सगळ्यांदेखत डिलीट केली.
खल्फान हळूच म्हणाला,
सर्व्हरवर प्रत गेली असेल, मिस.
असेल.

दाराशी त्यांचं वेगळं रजिस्टर असतं, कागदी.
त्यात त्यांनी सावकाश लिहिलं ‘परकार’,
शेवटच्या र चा पाय
खालच्या ओळीत उतरेपर्यंत.

चार वाजता निघताना मी बोट टेकवलं.
पहिल्याच फटक्यात हिरवा दिवा,
माझं नाव, धन्यवाद.
मला कधी विचारलं होतं कुणी,
पार्किंगपर्यंत आठवत गेले.